बढती द्यायचीच असेल तर सप्टेंबरात द्या

पगार वाढला की पेढे वाटावेत, ही माझ्या सासरची रीत. परंतु २०१७च्या मार्चमध्ये नवऱ्याने सुपरवायझर झाल्याची बातमी लंडनमधल्या हाउन्स्लोच्या घरी आणली, तेव्हा देवापुढे साखर ठेवण्याआधी मी कॅल्क्युलेटर हातात घेतला. वर्षाला ४,००० पौंडांची वाढ होती, आणि त्यातले आमच्या हाती काय उरणार, हे देवापेक्षा कॅल्क्युलेटरलाच अधिक ठाऊक असणार होते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या, नोकरी असूनही महिनाअखेरीस ओढाताण होणाऱ्या कुटुंबांसाठी गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना, एप्रिल २००३ पासून, वर्किंग टॅक्स क्रेडिट आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट या सरकारी मदतीच्या दोन योजना सुरू झाल्या. पैसे थेट बँक खात्यात येत आणि ते किती यावेत हे नवरा-बायकोच्या एकत्रित उत्पन्नावरून ठरे. सासूबाई सहा-सहा महिने आमच्याकडे राहत आणि त्यांच्या संमतीशिवाय घरात डाळसुद्धा शिजत नसे, तरी या हिशेबात त्यांना कुठेही जागा नव्हती. हे कळल्यावर त्यांनी सरकारशी अबोला धरला, जो सरकारच्या अजून लक्षात आलेला नाही.

हिशेब वरवर सोपा होता. नवरा-बायको, दोन मुले आणि आठवड्याला तीस तासांहून अधिक काम, एवढ्या भांडवलावर वर्षाला जास्तीत जास्त १०,८८५ पौंड मिळू शकत. मात्र उत्पन्न ६,४२० पौंडांच्या वर गेले की वरच्या प्रत्येक पौंडामागे ४१ पेनी कापले जात. आमचे दोघांचे मिळून २१,००० होत असल्यामुळे वर्षाला सुमारे ४,९०० पौंड आमच्या पदरात पडत. आता त्या कापल्या जाणाऱ्या ४१ पेनींवर वीस टक्के आयकर आणि तेव्हाचा बारा टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विमा) रचून पाहा: पौंडातले ७३ पेनी वाटेतच संपत. म्हणजे ऐन दिवाळीत रात्रपाळी करून मिळवलेल्या १०० पौंडांच्या ओव्हरटाइमपैकी २७ पौंड आमचे, आणि उरलेली रात्रपाळी राष्ट्रकार्यार्थ.

एवढ्यावर थांबते तर त्याला कायदा कोण म्हणणार? आधीच्या वर्षापेक्षा उत्पन्न वाढले तर त्यातल्या पहिल्या २,५०० पौंडांकडे त्या वर्षापुरता काणाडोळा केला जाई. ही मर्यादा सुरुवातीला २,५००च होती. पण पहिल्याच वर्षी देशभरात दोन अब्जांहून अधिक पौंड जादा वाटले गेल्याचे दिसून आले आणि लोकांकडून वसुली करता करता इतका आरडाओरडा झाला, की २००६ मध्ये ती एकदम २५,००० करण्यात आली. मग २०११ मध्ये १०,०००, २०१३ मध्ये ५,००० आणि २०१६ मध्ये पुन्हा २,५००. आम्हाला बढती मिळाली ती अर्थातच सगळे काही पूर्ववत झाल्यावर.

तर आमच्या वाढीचे असे होणार होते: ४,००० पैकी २,५०० माफ, उरलेल्या १,५०० वर ४१ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ६१५ पौंड कमी, दुसऱ्या वर्षी अख्खे ४,००० मोजणीत, म्हणजे १,६४० कमी. मी वहीत आडव्या-उभ्या रेघा मारत बसले होते, तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. हीच बढती एप्रिलऐवजी सप्टेंबरात मिळाली, तर पहिल्या वर्षीची वाढ २,३३३ पौंडांवरच थांबते आणि सगळीच्या सगळी माफ होते. दुसऱ्या वर्षी आधीच्या वर्षाशी तुलना करता ती १,६६७ इतकीच भरते, म्हणून तीही माफ; मोजणीत येतात ते फक्त पहिल्या वर्षीचे २,३३३. पाच महिन्यांचा वाढीव पगार सोडल्याने कर वजा जाता हातचे १,१३३ पौंड जाणार, पण दोन वर्षांत मिळून टॅक्स क्रेडिटचे १,२९८ वाचणार. कमी कमवा आणि १६५ पौंड जास्त मिळवा! मी बेरीज उलटी-सुलटी करून पाहिली. ती बरोबर होती, आणि हीच तर तिची भीती होती.

“अहो, बढती सप्टेंबरपासून देता येईल का, एवढे विचारून तर पाहा,” मी म्हणाले.

“अगं, मॅनेजर मला वेड्यात काढेल.”

नवऱ्याने तरीही विचारले. मॅनेजरने त्याला बराच वेळ न्याहाळले, घरी सगळे ठीक आहे ना अशी चौकशी केली आणि एप्रिलचीच तारीख घातली.

शेवटी आम्ही पेन्शनचा आधार घेतला. पेन्शनमध्ये भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होत असल्याने पगार वाढूनही न वाढल्यासारखा दाखवण्याचा तो एकमेव सज्जन मार्ग होता. म्हातारपणाची तरतूद करण्यामागे एवढा तातडीचा हेतू फार थोड्यांचा असेल.

काणाडोळ्याची हीच सवय उलट्या दिशेनेही होती, आणि ते मला अधिक झोंबले. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पुढे तिथले तास कमी होऊन उत्पन्न घटले. पण २०१२ पासूनच्या नियमानुसार घट २,५०० पौंडांच्या आत असेल तर त्या वर्षी तिची दखलच घेतली जात नसे. माझी घट आतली निघाली. गरीब व्हायचे तर ऐसपैस व्हावे लागते.

दर उन्हाळ्यात टॅक्स क्रेडिटच्या नूतनीकरणाचे जाड पाकीट येई. पहिल्या पानावर काळी पट्टी असेल तर नुसते तपासून ठेवायचे. लाल पट्टी असेल तर ३१ जुलैच्या आत उत्तर द्यायचे. आमची पट्टी लाल असे. मग नाशिकच्या बँकेतील मुदतठेवीचे व्याज शोधायचे, कारण परदेशातले उत्पन्नही धरावे लागे. व्याज, भाडे, पेन्शन असे सारे मिळून ३०० पौंडांपर्यंत माफी होती. भारताचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि ब्रिटनचे ५ एप्रिलला. या पाच दिवसांचे व्याज वेगळे काढून द्या, असे मी नाशिकला फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडून आधी शांतता आणि मग “मॅडम, मार्च एंडिंग चालू आहे” एवढेच ऐकू आले. मी फोन जूनमध्ये केला होता.

बदल महिन्याभरात कळवला नाही, तर जादा आलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या पैशांतून कापली जाई; आणि उत्पन्न २०,००० च्या वर असेल तर निम्म्यापर्यंत. म्हणूनच आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींत गणपतीच्या आरतीनंतर प्रसादासोबत “तुम्ही कळवलंत का?” हा प्रश्न फिरत असे.

५ एप्रिल २०२५ रोजी टॅक्स क्रेडिट कायमचे बंद झाले आणि आम्ही त्याच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिट या योजनेच्या हवाली झालो. आता वर्षाचा अंदाज बांधावा लागत नाही. मालकाकडून पगाराचा आकडा थेट जातो आणि दरमहा हिशेब होतो. हातात पडणाऱ्या पगारातली ठरावीक रक्कम सोडून वरच्या पौंडामागे ५५ पेनी कापतात. पण नवऱ्याचा पगार दर चार आठवड्यांनी होतो, म्हणजे वर्षात तेरा वेळा. त्यामुळे वर्षातल्या एका महिन्यात दोन पगार येतात, सरकारला आम्ही अचानक श्रीमंत झाल्याचे दिसते आणि मदत शून्यावर येते. अर्थात शून्यातून आणखी काही कापता येत नाही, त्यामुळे त्या महिन्यातल्या ओव्हरटाइमला ते ५५ पेनी लागू होत नाहीत. तो महिना मी कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवते आणि त्यात नवऱ्याला घरी बसू देत नाही.