‘जी कंपनी सर्वाधिक पैसे देईल, तिलाच रेल्वे द्या’ : एका संदेशाला उत्तर

उपनगरी रेल्वे चालवण्यासाठी कंपनी कशी निवडावी, याविषयीचा एक संदेश बरेच दिवस फिरतो आहे. मी त्याकडे दुर्लक्ष करत होतो, परंतु काल तो माझ्या आत्याने पाठवला आणि खाली लिहिले, "मला तर पटले. यात चुकीचे काय आहे?" नोकरीची सगळी वर्षे रोज गाडीने ये-जा केलेल्या माणसालाही हे पटत असेल, तर गप्प बसणे बरे नाही. संदेशाचे म्हणणे असे : निविदेत सरकारला सर्वाधिक रक्कम देऊ करणाऱ्या कंपनीला रेल्वे द्यावी, धंदा बुडाला तर नुकसान कंपनीचे होईल, जनतेचे नाही, स्पर्धेमुळे सेवा आपोआप सुधारेल, दंडाच्या भीतीने गाड्या वेळेवर धावतील, आणि या सगळ्याचा पुरावा म्हणजे जपान.

पहिली दोन विधाने एकमेकांना टेकून उभी आहेत आणि सर्वांत घातकही तीच आहेत. सर्वांत मोठी बोली म्हणजे सर्वांत सक्षम कंपनी, हे गृहीतकच चुकीचे आहे. पुढच्या आठ-दहा वर्षांत किती प्रवासी येतील आणि तिकिटांतून किती उत्पन्न मिळेल, याचा अंदाज बांधून बोली लावली जाते. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याची रक्कम सर्वांत मोठी. म्हणजे केवळ रक्कम पाहून निवड केली, तर अंदाजात सर्वाधिक चुकलेली कंपनीच निवडली जाण्याची शक्यता वाढते.

हे नुसते तर्काने सांगत नाही. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने रेल्वेसेवा ठरावीक मुदतीच्या फ्रँचायझींमध्ये, म्हणजे कंपन्यांना द्यायच्या कंत्राटांमध्ये, वाटल्या गेल्या. लंडन ते एडिंबरा हा ईस्ट कोस्ट मार्ग लांब पल्ल्याचा असला, तरी कंत्राटाची पद्धत उपनगरी सेवांसारखीच होती. 2005 मध्ये जीएनईआर या कंपनीने दहा वर्षांत 1 अब्ज 30 कोटी पौंड देण्याचे कबूल करून तो मिळवला आणि पुढच्याच वर्षी तिला कंत्राट सोडावे लागले. हा धडा समोर असताना 2007 मध्ये नॅशनल एक्स्प्रेसने 1 अब्ज 40 कोटींची बोली लावली. 2009 मध्ये तिनेही हात टेकले आणि सरकारी कंपनीला गाड्या चालवाव्या लागल्या. पुढे 2015 मध्ये स्टेजकोच आणि व्हर्जिन यांनी आठ वर्षांसाठी 3 अब्ज 30 कोटींचे वचन दिले. 2018 च्या जूनमध्ये तेही कंत्राट मुदतीआधी संपवावे लागले आणि मार्ग पुन्हा सरकारकडे आला. एकाच मार्गावर तेरा वर्षांत तीन कंपन्या, आणि तिघींनीही देऊ केलेली पूर्ण रक्कम सरकारला कधी मिळालीच नाही.

आता ‘नुकसान कंपनीचे’ या विधानाकडे पाहू. तिथल्या पद्धतीत रूळ आणि सिग्नल वेगळ्या संस्थेकडे होते, गाड्या बहुधा भाडेपट्ट्याने घेतलेल्या होत्या, आणि कंत्राट बदलले की कर्मचारी नव्या कंपनीकडे वर्ग होत. कंपनीचे स्वतःचे असे काय होते? वरिष्ठ व्यवस्थापन, काही भांडवल आणि हमीची रक्कम. तेवढ्यावर पाणी सोडून तिला बाहेर पडता येते. रेल्वे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी धावावीच लागते, कारण लाखो लोकांना कामावर पोहोचायचे असते. म्हणून अखेरचा भार नेहमी सरकारवर, म्हणजे करदात्यांवर येतो. लंडनच्या आग्नेयेकडील उपनगरी जाळ्यावर हे दोनदा घडले. 2003 मध्ये कॉनेक्स या कंपनीकडून आर्थिक व्यवस्थापनातील त्रुटींमुळे सेवा काढून घेतली गेली. 2021 मध्ये त्याच जाळ्यावरच्या दुसऱ्या कंपनीने अडीच कोटी पौंडांहून अधिक सरकारी निधी उघड केला नसल्याचे आढळले आणि तीही गेली. दोन्ही वेळा गाड्या सरकारने चालवल्या.

या प्रश्नावर एकच दस्तऐवज वाचायचा असेल, तर 2013 च्या जानेवारीतील रिचर्ड ब्राउन यांचा अहवाल वाचावा. ब्राउन त्या वेळी युरोस्टार या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते, म्हणजे रेल्वे-व्यवसायातलेच होते. ब्रिटनच्याच वेस्ट कोस्ट मार्गासाठी कंपनी निवडण्याची प्रक्रिया सरकारी खात्याच्याच हिशेबातील चुकांमुळे 2012 च्या ऑक्टोबरमध्ये रद्द करावी लागल्यावर सरकारने त्यांना हे काम दिले. फ्रँचायझी-पद्धत मोडीत काढा, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांची एक शिफारस मात्र या संदेशाचा पायाच काढून घेते : जी जोखीम कंपनीच्या हातात आहे तीच तिच्यावर टाकावी, देशाच्या अर्थव्यवस्थेतील चढउतारासारखी, तिला आवरता न येणारी जोखीम टाकू नये. सर्वाधिक रकमेच्या बोलीत नेमकी हीच जोखीम कंपनी उचलल्याचे दाखवते आणि निभावण्याची वेळ आली की ती सरकारकडे परत येते.

स्पर्धेविषयी थोडक्यात. स्पर्धा असते ती निविदेच्या दिवशी. रोजच्या फलाटावर नसते. सकाळच्या गाडीत चढणाऱ्या माणसापुढे दुसऱ्या कंपनीची गाडी उभी नसते. निविदेतही ती नावापुरतीच उरू शकते : 2014 मध्ये बॉस्टनच्या उपनगरी रेल्वेचे कंत्राट देताना शर्यतीत दोनच बोलीदार होते. त्यातील एक आधीपासून सेवा चालवणारा, आणि दुसरी, जिंकलेली केओलिस, ही फ्रान्सच्या सरकारी रेल्वेच्या मालकीतील कंपनी. ‘खासगी’ या शब्दाने भारावून जाण्यापूर्वी कंपनीची मालकी कोणाकडे आहे, एवढे तरी पाहावे.

दंडाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दंड आणि बक्षीस यांचा परिणाम होतो. पण जे मोजले जाते त्याच्यावरच होतो. मेलबर्नमध्ये उशिरा धावणाऱ्या गाड्या मधली स्थानके गाळून पुढे नेल्याबद्दल मोठी टीका झाली. आकडेवारीत गाडी वेळेवर आणि गाळलेल्या स्थानकावरचा प्रवासी फलाटावरच. ब्रिटनच्या जुन्या मोजमापात उपनगरी गाडी शेवटच्या स्थानकावर पाच मिनिटांच्या आत पोहोचली आणि वाटेतल्या सर्व नियोजित स्थानकांवर थांबली, तरच ती वेळेवर धरली जाई. तिथेही मधल्या स्थानकांवर किती उशीर झाला, हे त्या आकड्यात दिसत नसे. कंत्राटातील अशी एकेक व्याख्या बोलीच्या रकमेहून अधिक महत्त्वाची असते, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही.

जपानचे उदाहरण येथे लागूच पडत नाही. 1987 मध्ये तेथील राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन झाले ते मुदतीच्या कंत्राटांसाठी नव्हे. नव्या प्रवासी कंपन्यांकडे गाड्यांबरोबर रूळ आणि स्थानकेही आली. टोकियोच्या जुन्या खासगी रेल्वे कंपन्या तर स्थानकांभोवतीच्या जमिनी आणि दुकाने यांवरही कमावतात. होक्काइदो आणि शिकोकू येथील कंपन्या आजही सरकारी मालकीच्या आहेत.

खासगी कंपनी उपनगरी रेल्वे चांगली चालवूच शकत नाही, असे मी आत्याला सांगितले नाही, कारण ते खरे नाही. लंडन ओव्हरग्राउंड ही तिथली उपनगरी रेल्वे 2007 पासून कंत्राटी कंपन्याच चालवत आल्या आहेत आणि पूर्वीच्या दुर्लक्षित मार्गांवरची ती सेवा पुष्कळ सुधारली. तेथे भाडे ठरवते आणि तिकिटांचे मुख्य उत्पन्न ठेवते ती शहराची वाहतूक संस्था. कंपनीला ठरलेला मोबदला मिळतो आणि कामगिरीनुसार तो वाढतो वा घटतो. प्रवासी किती येतील यावर पैज लावायला तिला कोणी सांगत नाही. गाड्या नीट चालवायला सांगतात. आत्याला मी एवढेच लिहिले, की आकडा पाहण्याआधी तो कोणत्या अंदाजावर उभा आहे आणि अंदाज चुकला तर गाडी कोणाच्या पैशाने धावेल, हे निविदेत शोध.