ॲनिमोनचा दगड टोपात उकळू नका

गेल्या आठवड्यात म्हापशाहून भाच्याचा फोन आला, "मामा, दगड किती वेळ उकळू?" टोप गॅसवर चढला होता, स्वयंपाकघरात त्याची आजी होती आणि बादलीत हणजूणच्या खडपावरून उचलून आणलेला 'ॲनिमोन' होता, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा, फुलासारख्या भुजांचा समुद्री प्राणी, दगडासकट. आधी गॅस बंद करायला लावला, मग विचारलं की हे कुणी शिकवलं. त्याने एक फॉरवर्ड पाठवला. तोच फॉरवर्ड आता मासे पाळणाऱ्या गोंयकारांच्या ग्रूपांवर जोरात फिरतोय. शाळकरी पोरं तो वाचून बादल्या घेऊन किनाऱ्यावर निघाली आहेत, म्हणून हे जाहीर उत्तर.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. ॲनिमोन विकत घेऊ नका, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी हणजूण-वागातोरच्या खडपांवरून फुकट आणा. तो अलगद सोडवून दगड टोपात उकळून घ्या, म्हणजे किडे मरतात. जागा सोडून फिरू नये म्हणून सुपरग्लूने चिकटवा. पाणी जवळच्या किनाऱ्यावरून भरा आणि आटलं की तेच वर ओता. लाइट लागत नाही, रोज एक कोळंबी पुरे. पांढरा झाला तर काळजी नको, तो स्वच्छ झाला. आजारी वाटला तर तांब्याचा तुकडा टाका. ॲनिमोन नसेल तर क्लाऊनफिश (ॲनिमोनच्या भुजांत राहणारा मासा) जगत नाही. आणि पुरावा म्हणून, परदेशात एक ॲनिमोन साध्या बरणीत साठ वर्षं जगला.

सुरुवात दगडापासून करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी ॲनिमोन मरेल, या सल्ल्याने घरातली माणसं आडवी होतील.

फॉरवर्डसोबतच्या फोटोत जे दिसतं ते फोटो मोठा करून नीट बघा. शर्टाच्या बटणाएवढी तपकिरी-हिरवट तोंडं, एकमेकांना खेटून चटईसारखी पसरलेली, कडेला आखूड झालर. बोट लावलं की मिटतात आणि अंग वाळू मिसळल्यासारखं खरखरीत लागतं. खरोखरच काही जाती अंगात वाळूचे कण भरून घेतात. हा क्लाऊनफिशला आसरा देणारा ॲनिमोन नव्हे. हे झोअँथिड, ॲनिमोनचे वसाहत करून राहणारे नातेवाईक. यातल्या पालिथोआ नावाच्या गटात पॅलिटॉक्सिन हे विष सापडतं. १९७१ साली ते हवाईतल्या पालिथोआपासून वेगळं काढण्यात आलं आणि आजवर माहीत असलेल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खडकांवर झोअँथिड ठिकठिकाणी आहेत.

हे विष उकळून नष्ट होत नाही. उलट दगड उकळला, गरम पाणी ओतलं किंवा ब्रशने खरवडला की ते वाफेबरोबर, तुषारांबरोबर हवेत येतं आणि थेट फुप्फुसात जातं. हे मी मनाचं सांगत नाही. २०११ साली 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत अमेरिकी संशोधकांचा लेख आला, तो कुणालाही फुकट वाचता येतो. एका माणसाने घरच्या टाकीत नकळत शिरलेले झोअँथिड उकळत्या पाण्याने मारायला घेतले आणि त्याला श्वसनाचा गंभीर त्रास झाला. त्या झोअँथिडची तपासणी केली तेव्हा त्यात पॅलिटॉक्सिनचं प्रमाण भरपूर निघालं. मग त्याच संशोधकांनी दुकानांत विकायला असलेले झोअँथिड विकत घेऊन तपासले. काहींत विष नावालाच, काहींत प्रचंड. कुठल्यात किती हे नुसतं बघून ओळखता येत नाही. "आमच्या मित्राने उकळला, त्याला काही झालं नाही" असं ग्रूपवर लिहिणाऱ्यांनी एवढं एक वाक्य तरी पुन्हा वाचावं.

या विषबाधेत तोंडात कडू किंवा धातूसारखी चव येते, ताप येतो, थंडी वाजते, खोकला येतो, धाप लागते, अंग दुखतं. पावसाळ्यात कुणालाही हा साधा फ्लू वाटेल, आणि घोळ तिथेच होतो. विषाला उतारा नाही, आधाराचे उपचार करावे लागतात. कुणी दगड उकळला असेल आणि असं काही वाटत असेल तर घराबाहेर मोकळ्या हवेत या, इस्पितळात जा आणि डॉक्टरांना समुद्री टाकी, झोअँथिड, पॅलिटॉक्सिन हे तिन्ही शब्द स्पष्ट सांगा. झोअँथिड असलेल्या दगडाला हात लावायचाच असेल तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. विष डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते.

शिवाय असा दगड तोडून आणताना त्यावर प्रवाळाचा तुकडा आला, तर ते प्रकरण वन्यजीव संरक्षण कायद्यात जातं. प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. पोराला हे कोण सांगणार?

आता पाण्याचं. इथे अर्धं खरं आहे आणि ते मला मान्य करावं लागेल. समुद्राचं स्वच्छ पाणी हे मत्स्यालयासाठी पुडीत मिळणाऱ्या समुद्री मिठाच्या पाण्याइतकंच चांगलं, आणि किनाऱ्यावर राहणारे जुने हौशी ते वापरतातही. पण कुठलं आणि कधीचं, हे फॉरवर्डमध्ये नाही. ॲनिमोनला खारेपणा हजारी ३५ च्या आसपास लागतो, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, आणि तो स्थिर लागतो. ॲनिमोनला अंगातलं मीठ आपल्यासारखं सांभाळता येत नाही. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख, दोनापावला म्हणजे झुआरीचं. जूनपासून घाटावरचं सगळं पाणी या दोन नद्यांनी खाली येतं आणि वरच्या थरातला खारेपणा कोसळतो. ते पाणी टाकीत ओतलं की ॲनिमोन दुसऱ्या दिवशी गोळा होऊन पडतो आणि लोक म्हणतात, माल खराब निघाला. पावसाच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात ते वेगळंच. आणायचंच असेल तर पाऊस संपून समुद्र निवळल्यावर, नदीमुखापासून दूर, भरतीच्या वेळी आणा, गाळा आणि मोजून मगच वापरा.

आणि आटलेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी? पाणी वाफ होऊन जातं, मीठ टाकीतच राहतं. गोव्याच्या उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावला की पातळी रोज उतरलेली दिसते. तिथे रोज खारं पाणी ओतलं तर बघता बघता टाकीचं मिठागर होईल. वर ओतायचं ते गोडं, आरओचं.

बरणीतल्या ॲनिमोनची गोष्ट खोटी नाही, तेवढं श्रेय फॉरवर्डला देतो. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला. डॅलियेल गेले, पुढच्या लोकांनी तो सांभाळला आणि १८८७ साली तो एडिनबरामध्ये मेला. 'ग्रॅनी' (आजी) म्हणूनच तो प्रसिद्ध होता. पण तो थंड पाण्यातला, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला काटक जीव, त्याच्या अंगात प्रकाशावर अन्न करणारं शेवाळ नसतं. त्याचं पाणी समुद्रातून आणून नियमित बदललं जायचं. त्या उदाहरणावर म्हापशात बंद खोलीतल्या काचेच्या वाडग्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, उष्ण प्रवाळ-समुद्रातला बबल-टिप जातीचा ॲनिमोन ठेवायचा? त्याला २४ ते २७ अंश पाणी लागतं. आपल्याकडे त्यासाठी चिलर (पाणी गार करणारं यंत्र) किंवा निदान पंखा हवाच.

लाइट लागत नाही, हे तर उघड खोटं. क्लाऊनफिशला आसरा देणाऱ्या सगळ्या ॲनिमोनांच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि ॲनिमोन मुख्यतः त्यावर जगतो. म्हणून तो तपकिरी, हिरवट दिसतो. पांढरा झाला म्हणजे ते शेवाळ गेलं, ॲनिमोन उपाशी आहे. भडक पिवळे किंवा जांभळे विकायला दिसतात त्यातले कित्येक असे पांढरे पडलेले असतात, रंगात बुडवलेले. काही आठवड्यांत रंगही जातो आणि ॲनिमोनही. रोजच्या कोळंबीने ही भूक भागत नाही. न पचलेली कोळंबी तो ओकून टाकतो, ती कुजते, पाण्यात विषारी अमोनिया वाढतो. आठवड्यातून एकदा नखाएवढा तुकडा पुष्कळ.

सुपरग्लूचं वाचून मला खरंच राग आला. प्रवाळाचे तुकडे त्याने चिकटवतात, तिथून कुणीतरी हे उचललं. प्रवाळाला खाली दगडी सांगाडा असतो. ॲनिमोनचा पाय म्हणजे ओलं, मऊ मांस. तो चिकटवला की फाटतो, आणि पाय फाटलेला ॲनिमोन क्वचितच वाचतो. तो फिरतो कारण जागा पटलेली नसते, प्रकाश कमी असतो किंवा प्रवाह जास्त. फिरू द्या. तुम्ही फक्त वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत प्रवाह करणाऱ्या पंख्याच्या, तोंडाला जाळी किंवा स्पंज लावा, कारण पात्यात सापडला तर त्याच्या चिंध्या होतात आणि पाणी नासून रात्रीत टाकीतले मासेही जातात.

तांबं माशांच्या परजीवींवर खरंच चालतं, पण वेगळ्या टाकीत आणि मोजून. ॲनिमोन, कोळंबी, शिंपले यांना ते विषच, आणि एकदा दगडात मुरलं की निघता निघत नाही.

क्लाऊनफिशला मत्स्यालयात ॲनिमोन लागत नाही. आपल्या सीएमएफआरआयच्या (केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी त्याची पैदास हॅचरीतल्या टाक्यांत करून दाखवली आहे. भाच्याला क्लाऊनफिशच हवे असतील तर तेवढेच पाळावेत.

ॲनिमोनच हवा असेल तर टाकी सहा महिने, शक्यतो वर्षभर चालू राहू दे, अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट शून्यावर येऊन तिथेच टिकू देत. मग कुणा हौशी माणसाच्या टाकीत बबल-टिप दुभागून एकाचे दोन झाले असतील तर त्यातला एक मागा, घरात वाढलेला तो लवकर रुळतो. दुकानातून घेतलात तर विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगा. भुजांना तुकडा चिकटला पाहिजे, तोंड घट्ट मिटलेलं पाहिजे, पाय काचेला किंवा दगडाला धरून असला पाहिजे. तोंड आ वासून पडलेला ॲनिमोन अर्ध्या किमतीत दिला तरी घेऊ नका.