रीड कॉलेजात गुण देतात, परीक्षाही होतात

बारावीच्या पालकांच्या गटांतून एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेतल्या रीड कॉलेजात परीक्षा नाही, गुण नाहीत, मुलं मनाला येईल ते शिकतात, म्हणूनच तिथे स्टीव्ह जॉब्ज घडला.’ हे खरं नाही.

ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या या छोट्या कॉलेजात प्रत्येक विषयाची ग्रेड नोंदवली जाते. काम समाधानकारक असेल तर ती आपणहून कळवत नाहीत, एवढंच. विद्यार्थ्याने मागितली तर मिळते. मुलांनी ग्रेडपेक्षा प्राध्यापकांच्या शेऱ्यांकडे लक्ष द्यावं, हा त्यामागचा हेतू. मला तो मोलाचा वाटतो, पण त्याला ‘मोकळं रान’ म्हणणं अन्याय आहे. पहिल्या वर्षी मानव्यविद्येचा अभ्यासक्रम सक्तीचा. शेवटच्या वर्षात जाण्याआधी आपल्या विषयाची पात्रता परीक्षा. मग वर्षभर खपून प्रबंध लिहायचा आणि प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षेत त्याचं समर्थन करायचं. प्रबंधाशिवाय पदवी नाही. कॉलेजच्या आवारात 1968पासून संशोधनासाठीची अणुभट्टी आहे. ती चालवणारी मुलं सरकारी परवान्याची परीक्षा देतात.

हे सगळे नियम कॉलेजने स्वतः प्रसिद्ध केले आहेत. जॉब्ज यांनीही 2005च्या स्टॅनफर्डमधल्या भाषणात सांगितलं होतं की, सहा महिन्यांत त्यांनी प्रवेश सोडला, कारण फीपायी आईवडिलांची पुंजी संपत चालली होती. सुलेखनाच्या वर्गाला ते नंतर नुसते जाऊन बसत.

मेसेज आला असेल तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका, कारण काही मुलं सध्या प्रवेशाचे अर्ज भरत आहेत.