तेल पाजून बूट वॉटरप्रूफ होत नाही

मृग लागायच्या आधी दरवर्षी एक मेसेज फिरतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला : आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर, मोहल्ल्याच्या ग्रुपवर आणि मेहुण्याकडून. मजकूर थोडक्यात असा : "सेफ्टी शूज वीस रुपयांत कायमचे वॉटरप्रूफ करा. खोबरेल किंवा जवसाचं तेल कडकडीत गरम करून चोपडा, बूट जितकं पिईल तितकं पाजा. मग नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात दिवसभर ठेवा. वरून मेणबत्ती घासा आणि गॅसवर शेका. पाण्याचा थेंब आत जाणार नाही. जुन्या काळी मोटेला हेच करत. पॉलिशवर पैसे घालवू नका."

मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात २२ वर्षं मेंटेनन्सला आहे. दिवसाचे नऊ-दहा तास पाय बुटात असतात. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो वाचून माणसं हजार-दीड हजाराचा बूट एका दुपारी घालवतात आणि अख्खा पावसाळा कडक, ओल्या बुटात काढतात. म्हणून त्यातली एकेक गोष्ट घेऊन लिहितो.

आधी मोटेचं, कारण सगळ्यांचा विश्वास बसतो तो तिच्यामुळे. मोटेला, वहाणांना तेल लावायचे हे खरं आहे. पण ते चामडं बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं असायचं. वर रंगाचा थर नाही, लेप नाही. तेल लावलं की सरळ तंतूंत उतरायचं. आजच्या सेफ्टी बुटाचं चामडं बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्याला लागणारं तेल टॅनरीतच, म्हणजे चामडं कमावण्याच्या कारखान्यातच, पाजलेलं असतं. शिवाय स्वस्तातल्या बुटांत चामड्याचा वरचा पोत घासून काढतात, त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर देतात आणि दाणेदार छाप उठवतात. या धंद्यात त्याला बार्टन प्रिंट म्हणतात.

सीताबर्डीला ज्या काकांकडे मी बूट शिवून घेतो, त्यांनी एकदा माझ्याच जुन्या बुटाच्या जिभेजवळची कड नखाने उचलून दाखवली. काळी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघाली. खाली निळसर करडं, मऊ चामडं होतं. काका म्हणाले, "भाऊ, तुमी तेल या सालीले पाजून राह्यले, चामड्याले नाही." इतकी वर्षं बूट वापरूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून काही लावायच्या आधी एक तपासणी करा. जिथे बूट चालताना मुडपतो, तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभर तो मण्यासारखा बसून राहिला तर वरचा थर शाबूत आहे. तेल आत जाणारच नाही, वर चिकट राहील आणि धूळ धरेल. थेंबाखालचं चामडं गडद झालं तर थर झिजलाय, म्हणजे तिथे कंडिशनरचा, चामडं मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा, उपयोग आहे. एकाच बुटावर दोन्ही प्रकार सापडतात : टाचेकडे मणी, बोटांच्या मोडीवर डाग.

आता कडकडीत तेल. चामडं म्हणजे कोलॅजनचे तंतू. ओलं असताना ते एका ठरावीक उष्णतेला एकदम आकसतात, आणि मग परत सरळ होत नाहीत. वनस्पतीच्या सालीत कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांना आकसतं, क्रोमचं १०० च्या आसपास. कडकडीत तेल याच्या कितीतरी वर असतं. गेल्या जूनमध्ये आमच्या शिफ्टमधल्या एका पोराने ड्युटीवरून आणलेल्या दमट बुटावर असंच तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी तो बूट घेऊन माझ्याकडे आला. पुढचा भाग आतल्या, बोटांवरच्या स्टीलच्या टोपीवर ताणून बसला होता, टोपीची कड बाहेरून बोटाला लागत होती. मोडीवर आडवी भेग, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते तशी. हात लावला तर चामडं पापडासारखं वाजलं. त्या पोराने तो बूट ऑगस्टपर्यंत तसाच घातला, कारण दुसरा घ्यायला पैसे नव्हते.

"जितकं पिईल तितकं पाजा" हेही घातक. जास्त तेलाने तंतू सैल पडतात, बूट ढिला होतो आणि घोट्याचा आधार जातो. सोल चिकटवलेला असेल तर तेल झिरपत त्या जोडापर्यंत पोचतं आणि जोड सुटू लागतो. वेल्डिंग, गॅस कटिंगवाल्यांनी तर हे अजिबात करू नये. ठिणग्या पडणाऱ्या जागी तेलाने निथळणारा बूट म्हणजे पायात घातलेली वात.

खोबरेल तेलाची आणखी एक गोष्ट. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. जूनमध्ये जिरलेलं वाटतं, आणि डिसेंबरच्या थंडीत बुटावर पांढरी साय येते. लोक तिला बुरशी समजून घासत बसतात. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून क्षणभर मारा. विरघळली तर चरबी, तशीच राहिली तर बुरशी.

जवसाच्या तेलाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या विदर्भात जवस घरोघरी असतो आणि "आपलंच तेल आहे, काय वाईट करणार?" असं सहज वाटतं. खायला ते उत्तमच. पण ते वाळणारं तेल आहे. हवेतला प्राणवायू घेऊन त्याची कडक पापडी होते. म्हणूनच तैलरंगात आणि लाकडाच्या वॉर्निशमध्ये ते वापरतात. दार हलत-मुडपत नाही, बूट प्रत्येक पावलाला मुडपतो. वाळलेली पापडी मोडीवर फुटते आणि खालचं चामडं घेऊनच फुटते. मोठा धोका आहे तो तेल पुसलेल्या फडक्याचा. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं बोळा करून ठेवलं तर वाळताना आतल्या आत तापतं आणि पेट घेऊ शकतं. वापरलंच असेल तर फडकं उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. घरात लेकरं असतात, हे हलक्यात घेऊ नका.

नवतपाचं ऊन. इथे सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात ठेवलेल्या काळ्या बुटाला हात लावून बघा, दोन क्षण ठेववत नाही. चामड्यातलं पाणी असं झपाट्याने ओढून काढलं की तंतू एकमेकांना चिकटून कडक होतात. ओला बूट सावलीत, पंख्याखाली वाळवायचा. कूलरपुढे नको, त्याची हवा दमट असते. आतला सुखतळा आणि लेस काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी ते बदला. पूर्ण वाळायला एक दिवस सहज लागतो. म्हणूनच जमेल त्याने दोन जोड्या ठेवून आलटून पालटून वापराव्या.

मेणबत्ती आणि गॅस. मेण पाणी अडवतं, यात खोट नाही. पण मेणबत्तीचं पॅराफिन ठिसूळ. मोडीवर तासाभरात त्याचा भुगा पडतो. मधमाशीचं मेण तेल किंवा चरबीत मिसळलेलं असेल तर ते लवचीक राहतं. डबिन नावाचं जे जुनं वंगण फुटबॉलला आणि लष्करी बुटांना लावायचे, ते असंच मिश्रण. गॅसवर शेकण्याबद्दल एवढंच : बुटात पॉलिस्टरचा दोरा आहे, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल आहे, स्टीलची टोपी आहे. टोपी तापली की भोवतीचं चामडं आतून भाजतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही. तळहाताच्या उबेने मऊ होईल तेवढंच मेण बोटाने चोळा, पुरे.

"थेंब आत जाणार नाही" हा मेसेजमधला सगळ्यात मोठा खोटा शब्द. पाणी चामड्यातून कमी आणि शिलाईच्या भोकांतून, जिभेच्या बाजूंनी आणि घोट्याच्या वरून जास्त येतं. बूट घेताना शिक्का वाचा. सेफ्टी बुटांचं भारतीय मानक आय.एस. १५२९८. त्यात एस १ लिहिलेल्या बुटाच्या चामड्याची पाण्यासाठी चाचणीच नसते. एस २ आणि एस ३ ला असते, तीही तासाभराची आणि वरच्या चामड्यापुरती. पूर्ण बूट पाणी अडवतो असं सांगायला डब्ल्यूआर अशी वेगळी खूण आहे. चांगल्यातला चांगला बूटही कायमच्या पाण्यासाठी बनवलेला नसताना, मेणबत्ती घासलेला बूट कुठून टिकणार?

आणि समजा, बूट खरंच सगळीकडून बंद झाला. मग घाम कुठे जाणार? तो आतच राहतो. चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलतात, खाजवून जखमा होतात. उमरेड-कामठीच्या खाणींत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांचे पाय मी पाहिले आहेत. बाहेरच्या पावसाइतकाच आतला घामही त्याला कारण असतो. मोजे दोन जोड न्या, जेवणाच्या सुटीत बदला.

पॉलिशबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. डबीतलं पॉलिश म्हणजे मेण आणि रंग. ते चामड्याला मऊ करत नाही. पण बार्टन प्रिंटच्या बुटाला मुख्यतः तेच लागतं, कारण आत काही जाणारच नसतं. तिथे पॉलिशचे पैसे वाया जात नाहीत, तेलाचे जातात.

मी काय करतो ते सांगतो. ड्युटीवरून आल्यावर ओल्या फडक्याने चिखल पुसतो, शिलाईतला जुन्या टूथब्रशने काढतो. आपली काळी माती वाळू द्यायची नाही, ती वाळताना चामड्याचा ओलावा शोषते. सिमेंटचं काम करणाऱ्यांनी तर त्याच संध्याकाळी पुसावं. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि चामडं मुळात आम्लधर्मी, त्यामुळे ते चामड्याला खातं. बूट पूर्ण वाळला की थेंबाची तपासणी. जिथे डाग पडतो तिथेच वाटाण्याएवढं कंडिशनर फडक्यावर घेऊन चोळतो, रात्रभर ठेवतो, सकाळी कोरड्या फडक्याने पुसतो. मग मेणाचं मलम फक्त शिलाईवर, जिभेच्या जोडावर आणि सोलच्या कडेने. पावसाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा, पण तारीख बघून नाही, थेंब बघून. पाणी अडवणारा स्प्रे वापरणाऱ्यांनी तो गच्चीवर किंवा अंगणात मारावा; बंद खोलीत त्याचा फवारा श्वासात गेला तर फुप्फुसाला इजा होते. सुएड, म्हणजे मखमली चामड्याच्या बुटाला यातलं तेल, मेण काहीच लावू नका. त्याला ब्रश आणि स्प्रे एवढंच.

घोटाभर पाण्यात उभं राहायचं काम असेल तर स्टीलच्या टोपीचा गमबूट मागा. ठेकेदाराकडे हक्काने मागा.

कडकडीत तेल ओतणाऱ्या त्या पोराला यंदा मे महिन्यातच सीताबर्डीला काकांकडे घेऊन गेलो. त्याच्या नव्या बुटाच्या जिभेची शिलाई एका बाजूने उसवलेली होती. काकांनी ती मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली, वर बोटाने मेण दाबलं आणि टोच्याने दोन भोकं दाखवून म्हणाले, "पाणी इथूनच येत होतं, बापा."