अकरा जण ‘येतो’ म्हणाले होते

चार दिवस झाले, माझा राग अजून उतरलेला नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडावर जायचं ठरलं होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पंधरा दिवस आधी ग्रुपवर विचारलं, तेव्हा मला धरून अकरा जणांनी ‘येतो’, ‘येते’ म्हटलं, अंगठे टाकले. त्या हिशोबाने मी गाडी ठरवली, जेवण सांगितलं. शुक्रवारी रात्री साडेअकराला पहिला मेसेज: ‘अगं, उद्या नाही जमत, सॉरी.’ बारापर्यंत आणखी तीन. पाचव्याने तर कळवण्याचीही तसदी घेतली नाही. पहाटे चारला मी त्याच्या बिल्डिंगखाली उभी आणि याचा फोन बंद. तुम्हाला यायचं नव्हतं तर मंगळवारी सांगायला काय झालं होतं?

उरलो सहा जण. त्यातला एक ‘दोन मिनिटांत खाली येतो’ म्हणून चाळीस मिनिटांनी आला. दुसरीला वाटेत एटीएम हवं होतं. मग कसारा घाटाच्या अलीकडे मिसळीसाठी हट्ट, तिथे पाऊण तास गेला. मी घड्याळ दाखवलं तर म्हणे, ‘चिल कर गं, डोंगर कुठे पळून जातोय?’

डोंगर पळत नाही, वेळ निघून जाते! चारला निघायचं हे मी मनात आलं म्हणून ठरवलं नव्हतं. ठाण्याहून गडाखालच्या निरगुडपाड्याला पोचायला तीन-साडेतीन तास, तिथून कातळाच्या पायथ्यापर्यंत दीड तास. म्हणजे नऊच्या सुमाराला पायऱ्यांना हात लागला पाहिजे. हरिहर तसा फार उंच नाही, ११२० मीटर. कळसूबाई १६४६. आकडा बघून लोक त्याला हलक्यात घेतात. पण त्याची शेवटची चढण म्हणजे सरळ उभा कातळ आणि त्यात जवळजवळ ८० अंशांत खोदलेल्या पायऱ्या. रुंदी जेमतेम एका माणसापुरती. चढणारेही त्याच वाटेने, उतरणारेही त्याच वाटेने. सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथे रांग लागते, आणि ती रांग फरशीवर उभी नसते, कातळाला चिकटून उभी असते.

आम्ही पायऱ्यांखाली पोचलो सव्वाबाराला.

ग्रुपवर मी नीट लिहून पाठवलं होतं. तळाला पकड असलेले बूट, प्रत्येकी तीन लिटर पाणी, हात मोकळे राहतील अशी पाठीवरची सॅक. एकानेही ते धड वाचलं नसावं. एक जण गुळगुळीत तळाचे, ऑफिसला घालतो तेच बूट घालून आलेला. दोघांकडे अर्ध्या लिटरची बाटली. एकीच्या खांद्याला झोळी, ती दर पायरीला पुढे येऊन लोंबणार. माझं तीन लिटर पाणी चौघांत वाटलं गेलं आणि पायऱ्यांच्या आधीच संपत आलं.

मधोमध आम्ही वीस मिनिटं अडकलो. वर एक मुलगी घाबरून बसली होती, तिला खाली पाहवत नव्हतं, बिचारी रडत होती. तिच्या मागून उतरणारे तिच्यावर ओरडत होते. कातळ तापलेला. इथे उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं असतं, हे कोणाला ठाऊकच नाही, लोक पाठमोरे उतरायचं सोडून जिना उतरल्यासारखे समोर तोंड करून येत होते. आणि तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या बुटांचा पाय सटकला. तो बूट थेट माझ्या खांद्यावर आला. मी दोन्ही हात खोबण्यांत घट्ट रोवले होते म्हणून आम्ही दोघं आज घरी आहोत. त्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंना हाताच्या पकडीसाठी खोबण्या कोरलेल्या आहेत. ज्यांनी हा कातळ फोडला त्यांनी पुढे शेकडो वर्षं येणाऱ्या अनोळखी माणसांच्या हातांचा विचार केला. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्यांनी कितीतरी गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, या पायऱ्या शाबूत आहेत. आणि माझ्या मित्रांना एका दिवसापुरते बूट बदलता आले नाहीत.

महादरवाजातूनच मागे फिरलो. पाणी संपलं होतं. पुढची कोरीव वाट, दारूकोठार, तळं, माथ्यावरून दिसणारे ब्रह्मगिरी आणि भास्करगड, ज्यासाठी एवढी धडपड केली त्यातलं काहीच पाहिलं नाही.

तेही मी सहन केलं असतं. पण खाली पाड्यावर ज्या काकूंकडे जेवण सांगितलं होतं, त्यांचं काय? गुरुवारी फोन करून मीच त्यांना सांगितलं होतं, अकरा माणसं, एक वाजता. शनिवारी पहाटे ‘सहाच येतोय’ सांगायला फोन लावत राहिले, रेंजच नाही. त्यांनी उठून चुलीवर अकरा जणांच्या भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, ठेचा केला. आम्ही उगवलो चारला. पिठलं त्यांनी पुन्हा गरम केलं. झाकून ठेवलेली भाकऱ्यांची चळत बघून मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. त्या एवढंच म्हणाल्या, ‘असू द्या ताई, थकला असाल, जेवा आधी.’

मी अकरा ताटांचे पैसे दिले. तर गाडीत बसल्यावर एक जण मला सांगतो, ‘सहाचेच द्यायचे ना, बाकीचे कुठे जेवले?’ काकूंनी पीठ अकरा जणांचं मळलं होतं रे! लाकडं जाळली, सकाळ घालवली. आपण शब्द दिला म्हणूनच ना?

काल कोणीतरी ग्रुपवर हरिहरचा फोटो टाकला. ‘पुढच्या महिन्यात परत?’ पहिले पाच अंगठे कोणाचे, तर न आलेल्या पाच जणांचे.

मी उत्तर दिलं आहे. आधी पाच ताटांचे आणि गाडीतल्या पाच सीटचे पैसे पाठवा. अजून एकाचेही आलेले नाहीत.