चकलीची वेलांटी

वसुबारसेला आमच्यातले काही जण गाईला नैवेद्य दाखवतात आणि काही जण कोडं पाठवतात. मी दुसऱ्यांतला. सांगलीत आम्ही नऊ जण आहोत. कुणी गावभागात, कुणी विश्रामबागेत, एक पुण्याला गेलाय पण त्याला आम्ही सोडलेलं नाही. प्रत्येकानं दिवाळीला एक गूढ शब्दकोडं स्वतः रचायचं आणि बाकीच्यांची भाऊबीजेपर्यंत सोडवायची. पूर्वी झेरॉक्स काढून फराळाच्या डब्याबरोबर घरोघरी जायची, म्हणून जुन्या कागदांवर तुपाचे डाग आहेत. आता मोबाईलवर फोटो येतो. डब्याचं मात्र विसरतात लोक.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन क्लू, म्हणजे उत्तराकडे नेणाऱ्या खुणा. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. "बोल ब्रूस, कृष्णाकाठचं गाव कुठलं? (३)" बोल म्हणजे सांग, ब्रूस म्हणजे ली. झाली सांगली. दुसरा: "महापालिकेचा हात (२)". उत्तर कर. हा दुसरा ज्या काकांचा, त्यांच्याशीच यंदा माझं वाजलं. काका मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर जन्मभर हिशेब लिहून निवृत्त झालेत.

माझा क्लू असा होता: "फराळातच कलियुग लपलंय, काटेरी! (३)". 'फराळातच कलियुग' यातली लागोपाठची तीन अक्षरं उचला, चकली. मी भलताच खूश होतो. रात्री साडेदहाला काकांचा फोन. "चकलीची ली दीर्घ आहे. कलियुगातली ऱ्हस्व. तुझ्या कोड्यात चकलि आहे. असला पदार्थ आमच्या घरात करत नाहीत."

मी म्हटलं, काका, दिवाळी आहे, एका वेलांटीवरून काय धरून बसलाय! ते म्हणाले, "हिशेबात चार आणे सुटले तर आम्ही रात्र जागायचो. चार आणेच होते तेही."

ग्रुपवर दोन तट पडले. तरुण मंडळींचं म्हणणं, ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यायलाच हवी, नाहीतर मराठीत क्लू होतच नाहीत. यात तथ्य नाही असं नाही. इंग्रजीत सुट्या अक्षरांचा खेळ, हवी तशी ढवळा. तिकडे नाताळला मोठमोठी कोडी घालण्याची रीत आहे. त्यातला सगळ्यांचा लाडका रचनाकार म्हणजे ब्रिटनच्या 'गार्डियन' पेपरचा अरॉकेरिया, खरं नाव जॉन ग्रॅहॅम, पेशानं पाद्री. त्याचा एक नाताळचा क्लू एका कॅरलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्याच्या, शब्दांनी सुरू होतो, आणि सगळी अक्षरं उलटीसुलटी केली की दुसऱ्याच कॅरलच्या पहिल्या दोन ओळी निघतात. १२ शब्द, ५९ अक्षरं, एक उरत नाही की कमी पडत नाही. (याच माणसानं जानेवारी २०१३ मध्ये आपल्याला कर्करोग झाल्याचं वाचकांना कोड्यातूनच सांगितलं. त्याच नोव्हेंबरात तो गेला, ९२ व्या वर्षी. मी ते कोडं नंतर बघितलं आणि बराच वेळ पुढचं काही सोडवलं नाही.)

सणाचं आणि कोड्याचं जुळणंही जुनंच. आर्थर विनचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका पेपरात आलं ते २१ डिसेंबर १९१३ ला, ऐन नाताळच्या तोंडावर. त्याला गूढ वळण पुढं इंग्लंडात लागलं. १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी घालणाऱ्यानं तर टॉर्केमादा हे टोपणनाव घेतलं होतं, स्पेनमधल्या छळवादी धर्माधिकाऱ्याचं. आमच्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते प्रसन्न हसले होते. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

तर ५९ अक्षरांची ती करामत मराठीत व्हायची नाही. आपल्या एका घरात नुसता क बसत नाही, त्याच्यासोबत काना, मात्रा, वेलांटी असं सगळं बिऱ्हाड बसतं. 'कृष्णा' लिहायला दोनच घरं पुरतात. ढवळायला फारसं काही उरत नाही हे खरं.

पण म्हणून बिऱ्हाड बाहेर काढायचं? वाल्या कोळ्याची गोष्ट आठवा. 'मरा मरा' म्हणता म्हणता राम झाला. आपल्याकडचा हा सगळ्यात प्रसिद्ध उलटा क्लू, आणि त्यातसुद्धा काना र ला धरूनच राहिला. इंग्रजी पद्धतीनं रामाचं एकेक अक्षर सुटं करून उलटं लिहिलं तर 'अमार' होतं, त्यानं कुणाचा उद्धार झाला नसता. आपलं अक्षर हे असं आहे. त्याच्या अटीवर खेळायचं नसेल तर सरळ इंग्रजी कोडी सोडवावीत, चांगली असतात.

आधी मीही सूटवाल्यांच्याच बाजूनं बोलत होतो हे कबूल करतो, कारण क्लू माझा होता. पण सोडवणाऱ्याच्या जागी बसून बघितलं. माझ्या पुतणीनं उत्तर चकलीच असणार हे ओळखलं होतं, पण वेलांटी जुळेना म्हणून लिहिलं नाही. वीस मिनिटं ती दुसरा काटेरी पदार्थ शोधत बसली. म्हणजे जी नीट वाचत होती तीच अडकली, आणि ज्यांनी धसमुसळेपणानं भरलं त्यांचं बरोबर आलं. असलं कोडं मला घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. युग काढून टाकलं की कली दीर्घच आहे की! "फराळातच कली शिरलाय, काटेरी! (३)". आधीच्यापेक्षा बराच चांगला क्लू. काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आता तळा."

पाठोपाठ त्यांचा यंदाचा क्लूही आला. "महादेव सांभाळे, ते खुसखुशीत! (५)". उत्तर भाऊबीजेला सांगतो, आणि वेलांट्या तपासू नका, उत्तरात एकही नाही. मी बघितलं.