झुरळांना आधी जेल, मग फवारा? की फवारा नकोच?

"झुरळांना लाल डबा पुरे. दोन फवारे मारले की पाच मिनिटांत सगळी उताणी," असं बंड्या म्हणाला आणि पेस्ट कंट्रोलचं काम करणाऱ्या पक्याने चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला. पुढचा तासभर दुसरा विषय निघाला नाही.

"उताणी पडली ती किती? आठ-दहा," पक्या म्हणाला. "बाहेर दिसतात ती नेहमी थोडीच असतात. बाकीची बिजागरीच्या मागे, ट्रॉलीच्या चॅनलमध्ये, पाण्याच्या प्युरिफायरच्या पोटात बसलेली. फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड औषधं त्यांना नकोशी होतात. वास लागला की ती जागा सोडून टीव्हीमागे नाहीतर देवघराच्या ड्रॉवरमध्ये जातात. एका खोलीतला त्रास तू तीन खोल्यांत वाटलास."

मास्तरांना ही घाई पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं, आधी कोणतं झुरळ आहे ते बघा. साडेतीन-चार सेंटिमीटर लांब, लालसर तपकिरी, रात्री न्हाणीत दिसणारं, कधी उडत अंगावर येणारं, ते अमेरिकन. राहतं गटारात आणि चेंबरमध्ये, घरात फक्त फेरफटका मारायला येतं. दुसरं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं, ते जर्मन. ते बाहेरून फिरायला येत नाही, ते स्वयंपाकघरातच जन्मतं आणि तिथेच मरतं.

"आणि ते जर्मनही नाही," मास्तर म्हणाले. "लिनियसने 1767 मध्ये नाव दिलं म्हणून जर्मन. 2024 मध्ये जनुकं तपासून असं मांडलं गेलं की सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला ते आशियाई झुरळापासून वेगळं झालं."

"म्हणजे आपलंच, एनआरआय होऊन परत आलेलं," बंड्या म्हणाला.

गटारातल्या झुरळाचा निकाल पटकन लागला. त्याला जेल, म्हणजे सुईतून ठिपके लावायचं विषारी आमिष, आणि गोळ्या घालत बसण्यापेक्षा वाट बंद करायची. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणीच्या जाळीखालच्या भांड्यात, पाणी उभं असेल तर ते सहसा वर येत नाही. वापरात नसलेल्या बाथरूमचा ट्रॅप उन्हाळ्यात काही आठवड्यांत कोरडा पडतो. गावाला जाताना त्यात तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओतायचं, तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. दुसरी जागा सिंकखालची. लवचिक वेस्ट पाइप भिंतीतल्या भोकात नुसता खोचलेला असतो आणि भोवती बोटभर फट. तिथे एम-सील. "या झुरळासाठी तुझा डबा ठीक आहे," पक्याने बंड्याला तेवढी सूट दिली. "पण शेगडी पेटलेली असताना मारू नकोस, डब्यातला गॅस पेट घेतो. फिशटँक असेल तर झाकून ठेव आणि त्याचा हवेचा पंप बंद कर, माशांना ते औषध फार लवकर बाधतं."

खरा वाद जर्मनवरच होता.

पक्याची बाजू जेलची. दुकानात मिळतं त्यात साधारण दोन औषधं असतात, फिप्रोनिल 0.05 टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड 2.15 टक्के. झुरळ खातं, लगेच मरत नाही, आपल्या कोपऱ्यात परत जातं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग बाकीची खातात, त्यातून पिल्लांपर्यंत औषध पोचतं. पिल्लं बिळाबाहेर फारशी येतच नाहीत, त्यामुळे त्यांना गाठायला हाच रस्ता.

"पण लोक चुकतात कुठे, तर टूथपेस्टसारखी रेघ ओढतात," तो म्हणाला. "मसुराच्या दाण्याहून लहान ठिपका. ठिपके लहान आणि पुष्कळ. एका स्वयंपाकघराला पंचवीस-तीस. ट्रॉलीच्या प्रत्येक बिजागरीजवळ एक, चॅनलच्या मागच्या टोकाला एक, सिंकखाली दोन्ही कोपऱ्यांत, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरच्या बाजूला पण तापणाऱ्या भागावर नाही, प्युरिफायर भिंतीला टेकतो तिथे, मिक्सर ठेवतो त्या फळीच्या खालच्या अंगाला. स्विचबोर्डच्या आत सुई घालायची नाही, बाहेर कडेला ठेवायचा. ओट्यावर मधोमध टाकलेला ठिपका वाया, झुरळ कडेने चालतं."

"आणि तुपकट जागी तो चिकटतही नाही," ताई म्हणाल्या. त्या खानावळ चालवतात, त्यामुळे तेलकट फळ्यांबद्दल त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. "आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. जेल लावल्यावर मात्र तिथे फिनेलचं फडकं फिरवायचं नाही. पोरीला नीट सांगून ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी सगळे ठिपके चकाचक."

इथे बंड्याने आपला मुद्दा परत काढला. जेलही लावू आणि वरून फवाराही मारू, दुप्पट काम.

"शून्य काम," पक्या म्हणाला. "जेलवर किंवा जेलच्या आसपास फवारा बसला की झुरळ त्याच्या जवळ जात नाही. आधी फवारा मारला असेल तर जागा साबणाने धुऊन निदान दोन आठवडे थांबायचं आणि मग जेल. लक्ष्मणरेषा ओढायचा खडूसुद्धा तसाच, त्यातही पायरेथ्रॉइडच असतं."

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांचं किराणा-हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक काय मागतं ते त्यांना पाठ. लोक अजून 'नुवान द्या' म्हणून येतात. "नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. तरी कोणी काढून दिलं तर घेऊ नका," ते म्हणाले. "आणि पांढरी पावडर दिसली की गॅमॅक्सिन म्हणतात. गॅमॅक्सिन म्हणजे लिंडेन, त्याचा वापर 2013 पासून बंद. पाकिटावरचा चौकोन बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. स्वयंपाकघरात लाल-पिवळं कशाला आणायचं?"

ताईंना जेलही महाग वाटतं. त्यांचा भर बोरिकवर. एक भाग बोरिक पावडर, दोन भाग कणीक, चमचाभर पिठीसाखर, किसलेला कांदा थोडा, दुधात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या. शंभर ग्रॅम पावडरीत अख्खी खानावळ होते.

पक्याने इथे नेमकं बोट ठेवलं. "गोळ्या चालतात, ताई, पण चार दिवसांत दगड होतात. कडक गोळी झुरळ चाटतसुद्धा नाही. आठवड्याला बदलाल तर उपयोग. त्यापेक्षा कोरडी पावडर भुरभुरा. सॉसची दाबायची रिकामी बाटली घ्या, एक तृतीयांश भरा, नुसता वारा मारल्यासारखी दाबा. फ्रिजखाली, ट्रॉलीच्या तळाखाली, भिंतीच्या फटीत. झुरळ त्यावरून चालतं, पाय आणि मिशा चाटून साफ करतं आणि पावडर पोटात जाते."

"किती थर?"

"कॅरमवर टाकता तेवढा. सोंगटी नुसती सरकेल इतका. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं."

मास्तरांनी तेवढ्यात एक शंका काढली. कॅरमची म्हणून जी पावडर मिळते ती दरवेळी बोरिकच असते असं नाही, डबीवर बोरिक ॲसिड लिहिलेलं पाहून घ्यावं. अण्णांनी मान डोलावली. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ही पावडर मैद्यासारखी दिसते, त्यामुळे उरलेली मसाल्याच्या डब्यात ठेवू नये, वेगळ्या डबीवर ठळक नाव लिहून वर ठेवावी. रांगणारं मूल असलेल्या घरात ती खाली उघडी टाकूच नये. पावसाळ्यात तिचे गोळे होतात. ओल आली की जुनी झटकून नवी टाकायची. कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने चालते. परिणाम मात्र हळू दिसतो, चार-सहा आठवड्यांनी. बंड्यासारख्याचं ते काम नाही.

"मग पंधरा दिवसांनी पिल्लं परत का दिसतात?" बंड्याने विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि तिथे मास्तर आणि पक्या पहिल्यांदाच एका बाजूला आले.

मादी अंड्यांची पिशवी शेपटाला लावून फिरते, एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. त्या दिवसांत ती फारसं खात नाही, दडून बसते, म्हणून जेल तिच्यापर्यंत पोचत नाही. पिशवीचं कवच औषध आत जाऊ देत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात तीन-चार आठवड्यांत अंडी फुटतात. "म्हणून आज, पंधरा दिवसांनी आणि महिन्याने, असे तीन हात," पक्या म्हणाला. "एकदाच लावून 'जेल बोगस आहे' म्हणणारे तिसऱ्या आठवड्यात बोलतात."

बोगस निघायला आणखी एक कारण असू शकतं, असं मास्तरांचं म्हणणं. काही जर्मन झुरळांना ग्लुकोजची चीड असते. ती ग्लुकोज कडू म्हणून ओळखतात, आणि त्यामागची चेताकोशांची यंत्रणा 2013 मध्ये संशोधकांनी दाखवली. गोड आमिष टाकत राहिलं की ग्लुकोज खाणारी मरतात, न खाणारी उरतात. पक्याचा त्यावरचा उपाय सोपा. तीनदा एकच जेल लावून आकडा हलला नाही, तर औषध आणि कंपनी दोन्ही बदलायची. फिप्रोनिल संपलं की इमिडाक्लोप्रिड, आणि उलट.

"आकडा? कसला आकडा?" बंड्या.

आकडा म्हणजे चिकट पाट्यांवरचा. सहा पाट्या, भिंतीला लागून, दोन रात्री. मोजायच्या, लिहून ठेवायच्या. जेल लावल्यावर आठवड्याने परत, तीन आठवड्यांनी परत. ज्या पाटीवर पिल्लं जास्त, घरटं तिच्याजवळ. तिथे दोन ठिपके वाढवायचे. पाट्या नसतील तर काचेची बरणी. आत ब्रेडचा तुकडा, तोंडाच्या आतल्या कडेला तूप चोळलेलं, बाहेरून कागद गुंडाळलेला. चढतात, आत पडतात, घसरतात, बाहेर येत नाहीत. सकाळी साबणाच्या पाण्यात बुडवायची.

ताईंनी मग जेलवाल्या आणि फवारेवाल्या दोघांनाही सुनावलं. सिंकमध्ये रात्रभर खरकटी भांडी असतील, ओट्याखाली कचऱ्याची बादली उघडी असेल, तर झुरळाने तुमच्या ठिपक्याकडे का यावं? भांडी रात्रीच घासायची, सिंक पुसून कोरडा करायचा. अन्नापेक्षा पाणी महत्त्वाचं. पाणी मिळालं तर हे झुरळ उपाशी महिनाभर काढतं, पाणीही नसेल तर दोन आठवड्यांत आटोपतं. ठिबकणारा नळ आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे या दोन जागा कोणी बघतच नाही.

तमालपत्र, लवंग, कडुनिंब यांवर फार वेळ गेला नाही. झुरळ त्या डब्यातून शेजारच्या डब्यात जातं, एवढंच. डांबराच्या गोळ्या स्वयंपाकघरात नकोतच, ताईंनी तिथल्या तिथे खोडून टाकलं. प्लगला लावायच्या आवाजाच्या यंत्राबद्दल मास्तर म्हणाले की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती, कारण दाव्यांना आधार नव्हता.

मुंग्यांसाठी तेच बोरिक, पण अगदी पातळ. शंभर मिली कोमट पाणी, दोन चमचे साखर, एक ग्रॅम बोरिक म्हणजे सपाट पाव चमचा. नीट विरघळवून बाटलीच्या झाकणात कापसावर ठेवायचं. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि राणीपर्यंत काही जात नाही. पहिले दोन दिवस रांग वाढते. त्याला घाबरून ती पुसायची नाही. बारीक पिवळट मुंग्यांवर तर फवारा मुळीच नको, त्यांचं घर फुटून चार घरं होतात.

ढेकणांचा विषय निघाला तेव्हा पक्या एकच गोष्ट जोर देऊन बोलला. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पलंगाखाली ठेवायच्या नाहीत, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन निघतो आणि बंद खोलीत माणसं मरतात. शेजारच्या घरातही तो फटींतून जातो. ढेकूण मरायला पन्नास अंशांच्या वर उष्णता लागते. गादी उन्हात टाकली की वरचं कापड तापतं, आतला कापूस नाही, आणि ते खाली सरकतात. चादरी कडक गरम पाण्यात, पलंगाच्या सांध्यांना वाफ, आणि पलंगाच्या फळीच्या भेगा बुजवणं. फार पसरले असतील तर माणूस बोलवा, यात पैसे वाचवायला जाऊ नका.

शेवटी वाद अडला तो फटींवर. ताई म्हणत होत्या, औषध लावायच्या आधी सगळ्या भेगा व्हाइट सिमेंटने बुजवा. पक्या म्हणाला, आधी बुजवल्यात तर आतली बिळं तशीच राहतात, झुरळं दुसरी वाट काढतात आणि तुमचं जेल भलत्याच जागी राहतं. पाट्यांवरचा आकडा शून्यावर आला की मग बुजवा. मास्तरांना दोघांचंही पटत होतं, त्यामुळे त्यांचा उपयोग नव्हता.

"मग शेजाऱ्याच्या भिंतीतलं भोक तरी? डक्टमधून खालच्या मजल्यावरची येतात ती?" ताईंनी सोडलं नाही.

"ते आजच बुजवा. पाइपाभोवतीची भोकं पण आजच. ट्रॉलीमागची फट तेवढी ठेवा, तिथे माझे सात ठिपके आहेत."

"एम-सीलचा छोटा पुडा पुरेल ना?" अण्णांनी विचारलं.

"दोन भोकं असतील तर पुरेल. ती बोटभर फट असेल तर आधी आत जाळीचा तुकडा कोंबा, नाहीतर एम-सील आत पडतं."